शिवेवर पुरलेली गाठ

चाळीस वर्षं मी मेण कापलं. नातीच्या शाळेत 'माझी आजी' असा निबंध होता, त्यात तिनं लिहिलं, 'माझी आजी मेणबत्तीच्या कारखान्यात होती.' बाईंनी खाली लाल शाईनं 'छान' लिहिलं. मीही दुरुस्ती केली नाही. खरं लिहिलं असतं तर पोरीच्या शेजारी बाकावर कुणी बसलं नसतं.

खरं असं आहे. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेत यायचा. फॉर्मालिनमध्ये तो टिकवायचा, त्यातलं पाणी काढून टाकायचं, त्या जागी वितळलेलं मेण भरायचं आणि मेणाच्याच छोट्या ठोकळ्यात बसवायचा. हा ठोकळा म्हणजे ब्लॉक, काड्यापेटीच्या निम्मा. तो मायक्रोटोम नावाच्या यंत्राला लावायचा. हाताशी चाक असतं, ते फिरवलं की ब्लॉक पात्यावरून खालीवर होतो आणि दर फेरीला एक चकती निघते, केसाच्या विसाव्या हिश्शाइतकी पातळ. एकीला एक चिकटून चकत्यांची रिबन बनते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर उचलायची, रंगवायची. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि सांगतात, कर्करोग आहे की नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. चकती कापणारीचं नाव कुठंच नसतं. तुमच्या घरातल्या कुणाचा तुकडा मी कापला असेल तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तेच बरं.

मी ओझरजवळच्या एका गावातली. पुण्याच्या हॉस्पिटलात लागले तेव्हा जुन्नर तालुक्यातली या कामातली मी पहिलीच मुलगी आहे, असा माझा समज होता. तपासायला कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं तो टिकला. तेव्हाची मी आज समोर आली तर दोन थोबाडीत देईन. माझी वेणी कमरेखाली होती आणि माझी रिबन वेणीइतकी लांब निघाली पाहिजे, असा माझा हट्ट. ब्लॉकचा पृष्ठभाग आरशासारखा झाल्याशिवाय मी खरी चकती घ्यायचीच नाही. खरखरीत थर तासून तासून टाकायचे. चकती सपाट न निघता गुंडाळी झाली, तर ती म्हणजे शिकाऊ हाताची लाज. शेजारणीची गुंडाळी झाली की मी मुद्दाम खोकायचे.

एकदा अवसरीकडच्या एका बाईंच्या मूत्राशयाचा तुकडा आला, तिळाएवढा. मी नेहमीसारखा ब्लॉक तासला, चकचकीत केला, लांबलचक रिबन काढली आणि चार जणींना दाखवली. स्लाइड रंगवून आमच्या डॉक्टर सरांकडे गेली. सरांनी मला बोलावलं, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही सर."

"बरोबर. तेच या बाईंना लिहून देऊ या का?"

तो तीळ माझ्या देखण्या रिबनच्या नादात केराच्या डब्यात गेला होता. त्या बाईंना दुर्बिणीतून नवा तुकडा काढून घ्यायला पुन्हा टेबलावर झोपावं लागलं. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी दोन दिवस रुसून मोकळी झाले असते. त्यानंतर मात्र मी तासायचं कसं हे नव्यानं शिकले आणि त्यातच पुढं माझं नाव झालं. नाव म्हणजे काय, तर 'छोटा तुकडा आहे, मावशींना द्या' एवढंच.

हात सुधारला, जीभ सुधारली नाही. आमच्याकडे एक खिडकी होती. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नातेवाईक तिथून ब्लॉक घेऊन जात. एका गृहस्थाला पित्ताशयातले खडे हवे होते, अंगठीत बसवायला. मी म्हटलं, "सारख्या खड्यांची जोडी जमत असेल तर कानातलीच करा." तो खरंच सोनाराकडे गेला असणार. अशी माझी खिडकी. लोक रडत यायचे, त्यातला एखादा हसत गेला की मला वाटायचं, आजचा दिवस कापून झाला.

निवृत्तीला महिना राहिला होता. डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथला एकनाथ नावाचा तिशीतला माणूस आईला घेऊन खिडकीशी आला. वडील धोंडिबाबा, नावं मी बदलली आहेत. बाबांच्या लघवीतून रक्त गेलं, दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, कर्करोग निघाला. विडी चाळीस वर्षांची. दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवायला त्यांना ब्लॉक हवा होता. खरवडलेले कण जेमतेम होते, त्यामुळं ब्लॉक एकच. तो मी पिशवीत घालून दिला. एकनाथनं उलटापालटा करून पाहिला.

"बाई, ह्ये काय हाय?"

आता सरळ सांगायचं ना, की ही तपासणीची वस्तू आहे, काम झालं की परत आणून द्या. पण नाही. मी डोळे मोठे करून म्हटलं, "हा तुमच्या बाबांचा आजार आहे. नीट सांभाळा हं, पळून जाईल."

एकनाथ हसला. त्याच्या आईला, चांगुणाबाईंना, मी पाहिलंच नाही. त्या हसल्या नव्हत्या.

दोन वर्षं गेली. मी गावी परत आले, मोतीबिंदू काढून घेतला, शेपू आणि मुळा लावायला लागले. महिन्यातून दोन दिवस पुण्याला जायचे, नव्या मुलींना कापायला शिकवायला. एका फेब्रुवारीत आमच्या विभागाच्या मॅडमचा फोन आला. माझ्या मुलीच्या वयाची पोर, पण मॅडम म्हणायचं.

"मावशी, डिंभ्याच्या बाजूचे एक बाबा आहेत. त्यांचा ब्लॉक तुमच्या सहीनं बाहेर गेला होता. परत आलाच नाही. मला तो हवाय. अगदी हवाच आहे."

मग त्यांनी सांगितलं. गाठ काढल्यावर धोंडिबाबांच्या मूत्राशयात क्षयाच्या लसीचे जंतू सोडले होते. ऐकायला विचित्र, पण हा जुना उपाय आहे. जंतू बघून शरीराचे पहारेकरी तिथं धावतात आणि कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडतात. वर्षभर बरं राहिलं, मग गाठ पुन्हा आली आणि आता फुप्फुसात दोन ठिपके दिसत होते. नेहमीचं कडक औषध त्यांच्या मूत्रपिंडांना सोसणार नव्हतं. मॅडमकडे नव्या औषधांचा एक अभ्यास सुरू होता. त्यात पहारेकऱ्यांना गाठीची खूण दाखवणारं इंजेक्शन आणि त्यांचा लगाम सैल करणारं सलाईन, असं दोन्ही देत होते. पण आधी त्या गाठीवर ती खूण आहे का, हे कळायला पाहिजे.

"फुप्फुसातला ठिपका काढून तपासा की," मी म्हटलं.

"तो मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहे. सुई घालायला कुणी तयार नाही. दुसऱ्या वेळच्या गाठीचे कण जळालेले होते, उपयोगाचे नाहीत. तो पहिला ब्लॉक आहे, नाहीतर काहीच नाही. नावनोंदणी तीन आठवड्यांत बंद होतेय. मुलगा फोनवर म्हणतो, हरवला. पण तो सांगताना अडखळला, मावशी."

मी एसटीनं डिंभ्याला गेले. पुढची बस कधी, असं विचारल्यावर टपरीवाला म्हणाला, "आली म्हंजी आली." म्हणून एकनाथला फोन केला, तो मोटारसायकल घेऊन न्यायला आला. साठी उलटलेली बाई मागं एका अंगानं बसलेली, एका हातात पर्स, दुसऱ्या हातानं एकनाथचा शर्ट. चढावर तो म्हणाला, "बाई, घरी गेल्याव आईला तुमीच इचारा. मी न्हाई."

धोंडिबाबा ओट्यावर बसले होते. माणूस वाळलेला, डोळे मात्र खोडकर. चांगुणाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"खिडकीतली बाई न्हवं तू?"

"होय."

"मंग तुला ठाव पायजे. तूच म्हनलीस ना, ह्यो बाबांचा आजार हाय म्हनून? मंग घरात ठिवायचा व्हय आजार? काय ताम्हनात ठिवून पुजायचा?"

चाळीस वर्षांत माझ्या तोंडाला इतकं चोख उत्तर कुणी दिलं नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलातून ब्लॉक परत आला त्याच आठवड्यात त्यांच्या गाईचं पोट फुगलं आणि नातवाला ताप भरला. चांगुणाबाईंनी नवं मडकं आणलं, त्यात ब्लॉक, लिंबू, नारळ, हळदकुंकू घातलं, नवऱ्यावरून ओवाळून उतारा काढला, आणि वाडीच्या शिवेवर जांभळीखाली तो पुरून टाकला. उताऱ्याला कुणी हात लावत नाही, ओलांडतसुद्धा नाही. जो लावील त्याला ती पीडा लागते.

"आन् पुरला त्यो दिस आन् फुडं वरीसभर, यांच्या लगवीत एक थेंब दिसला न्हाई," त्या म्हणाल्या.

ते लसीच्या जंतूंचं काम होतं, पण तसं मी सांगितलं नाही. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर सगळं चोख जुळत होतं. आजार घराबाहेर घातला, माणूस बरा झाला. आता ही बाई पुण्याहून येऊन म्हणते, आजार परत काढा. म्हणजे नवऱ्याला मारायलाच आली की.

मग मी माझ्या स्वभावावर गेले. "चांगुणाबाई, एवढा पक्का पुरला होता, तर आजार परत आला कसा? कुणी मडकं हलवलं तर नसेल? डुकरं उकरतात. बघायला नको?"

त्यांनी चहाचे कप उचलून आत ठेवले. उठल्या, खुरपं घेतलं. धोंडिबाबा ओट्यावरून म्हणाले, "जा, दोगी जा. माजी गाठ बगून या. मला सांगा, बरी हाय का."

शीव अर्ध्या कोसावर. एकनाथ आला नाही. उताऱ्याच्या वाटेला तो जाणार नव्हता. आम्ही दोघी बांधावरून चाललो. उन्हं कलली होती.  आयुष्यभर मी माणसांच्या गमती केल्या, पण या बाईच्या भीतीची गंमत करून मडकं पळवायचं, हे काही पटेना. शेवटी मी थांबले.

"चांगुणाबाई, मी खोटं बोलले. मडकं कुणी हलवलं नसणार. मला ते पाहिजे आहे. त्यात जो तुकडा आहे तो तपासला तर बाबांना नवं औषध मिळेल. मिळेलच असं नाही. मिळालं तरी लागू पडेल असं नाही. पण तुकडा नसेल तर काहीच मिळणार नाही."

"ठाव हाय मला."

"मग निघालात कशाला?"

"तू म्हातारी बाई मोटारसायकलीव बसून एवडी आलीस, ती काय मडकं बगून माघारी जायला?" त्यांनी पदर खोचला. "पर येक सांग. काडला, आन् आजार वाडला तर?"

"वाढू शकतो. पण तो मडक्यामुळं वाढणार नाही. आणि वाढला तर माझ्यावर घाला. मी बोलले होते ना, सांभाळा म्हणून. तोंड माझं होतं."

त्या पुढं झाल्या आणि जांभळीशी येऊन थांबल्या. मी पुढं होऊन खुरपं मागितलं, तर त्यांनी ते पाठीमागं धरलं.

"ज्यानं पुरलं त्यानंच काडायचं आस्तं. तुला नातवंडं हायती."

असा काही नियम आहे की त्यांनी तिथंच उभ्या उभ्या तयार केला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

हातभर उकरल्यावर मडकं लागलं. तोंडाला फडकं बांधलेलं. लिंबाचा दगड झाला होता, नारळ काळा पडला होता. त्याच्या खाली माझी पिशवी, तोंड बंद. लेबलावरची शाई पार उडालेली. मी चष्मा लावून ब्लॉकच्या कडेला पाहिलं. मेण ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर बसवतात तिच्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलेला नंबर ठळक होता, माझ्याच अक्षरात. आम्ही नंबर पेन्सिलीनंच लिहितो, कारण आमच्या औषधांत शाई विरघळते, शिसं नाही. नव्या मुली याला हसतात. मी तिथं मातीत बसून त्या नंबराकडे बघत राहिले. आणि एक लक्षात आलं. दोन वर्षं हॉस्पिटलच्या कपाटात, पुण्याच्या एप्रिलात हा ब्लॉक भाजून निघाला असता. घरात राहिला असता तर नातवानं खेळायला घेतला असता. इथं जमिनीखाली, सावलीत, थंडाव्यात, आणि ज्याला कुणी बोट लावणार नाही अशा जागी. चांगुणाबाईंनी मी सांगितलेलं शब्दशः केलं होतं. नीट सांभाळला होता.

त्यांनी तो माझ्या पदरात घातला. "आता माघारी वळून बगू नको."

मी बघितलं नाही. मोटारसायकलीवर उतार लागला तरी नाही.

पुण्यात पुढचं काम पूर्वाचं, म्हणजे मीच शिकवलेल्या एका मुलीचं. ती नवी तपासणी करते. मला कळलं ते असं. आपल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी चालू नसतात. डोळ्यात डोळ्याची चालू, यकृतात यकृताची. चालू असलेलं जनुक आपल्या कामाच्या चिठ्ठ्या काढतं. त्या चिठ्ठ्या मोजल्या की कळतं, गाठीत कोण जागं आहे. पण या चिठ्ठ्या नाजूक. आपल्या बोटांच्या घामानंसुद्धा त्या नासतात. मी सवयीनं उघड्या हातानं ब्लॉक उचलायला गेले तर पूर्वा किंचाळली, "मावशी, ग्लोव्ह्ज!" माझ्याच शिष्येनं. मनातून बरं वाटलं.

ब्लॉकमध्ये गाठीचा कण उरला होता तांदळाच्या कणीएवढा, तोही पातळ. एकदा कापलेला ब्लॉक दुसऱ्या यंत्राला लावला की त्याचा कोन बदलतो. पहिल्या काही चकत्या तिरक्या जातात, वाया जातात. मोठ्या तुकड्यात चालतं. इथं त्या वायाच गेल्या तर धोंडिबाबांच्या वाटणीचं सगळंच गेलं.

"तुम्ही लावा," मॅडम म्हणाल्या.

"माझी नजर—"

"मावशी, लावा."

मी पाठीमागं दिवा धरायला सांगितला. ब्लॉक आणि पात्याच्या मधल्या फटीतून उजेडाची रेघ दिसते. ती रेघ वरपासून खालपर्यंत सारखी दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचे. हे कुठल्या पुस्तकात नाही. केराच्या डब्यात गेलेल्या त्या तिळानं मला शिकवलं होतं. अर्धा तास मी नुसती रेघच बघत होते. पूर्वाचा श्वास मानेवर लागत होता. मग चाक फिरवलं. पहिल्या फेरीला नुसती धूळ. दुसऱ्या फेरीला अख्खी चकती.

"रिबन काढू?" मी विचारलं.

"नाही मावशी, आम्हाला गुंडाळ्या लागतात. सरळ नळीत टाकायच्या."

घ्या! जिच्यासाठी मी शेजारणीला खोकून हिणवलं, ती गुंडाळी आता शास्त्राला हवी होती. मी सहा गुंडाळ्या काढल्या. एक सपाट चकती स्लाइडवर घेतली, त्यात गाठ आहे ना हे मॅडमनी पाहिलं. होती.

निकालाला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी शेपू दोनदा खुरपला, जिथं गवत नव्हतं तिथंसुद्धा.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं, मीही गेले. चिठ्ठ्यांचे तुकडे झाले होते, पण वाचता आले. खुणेच्या जनुकांपैकी दोन जोरात चालू होती. या औषधाशी रक्ताचाही एक मेळ लागतो, तोही बसला.

"म्हंजी चांगलं का वंगाळ?" चांगुणाबाई म्हणाल्या.

मॅडम घसा साफ करून सांगायला लागल्या. ही जनुकं मोठ्या माणसाच्या शरीरात सगळीकडं झोपलेली असतात. जागी असतात फक्त एका ठिकाणी. आणि तिथं मॅडम अडखळल्या. समोर सत्तरीचे बाबा, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बायको. एवढी शिकलेली पोर, पण लाजली.

मी म्हटलं, "बाबा, पुरुषाच्या गोट्यांत. तिथं त्यांचं काम असतं. तुमच्या गाठीत त्यांचं काहीएक काम नाही, तरी उठून बसलीत."

एकनाथ छताकडे बघायला लागला. धोंडिबाबा मात्र खूश. "आगं, मंग पहारेकरी तिकडं पन चावतील का काय?"

"नाही, तिथं पहारेकऱ्यांचा फारसा शिरकाव नसतो," मॅडम आता हसत होत्या. "म्हणून तर ही खूण चांगली. बाकी शरीरात ती कुठं नाही. गाठीवर आहे."

धोंडिबाबांनी जरा विचार केला. "आमच्याकं बिबट्या येतो. वाडीची कुत्री रोजचा वास आसल तर भुकत न्हाईत. तुमी कुत्र्यांला नवा वास देनार. ह्यो आपला न्हाई, ह्याला धरा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. विद्यार्थ्यांना हे सांगायला त्यांना एक तास लागतो.

"आणि दुसरं औषध कुत्र्यांची साखळी सोडतं," त्या म्हणाल्या. "त्यात धोका आहे. सुटलेली कुत्री घरच्यांनाही चावू शकतात. ताप येईल, अंगावर पुरळ येईल, जास्तही होऊ शकतं. आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही."

"सोडा," धोंडिबाबा म्हणाले. "बांदून तरी काय केलं त्यांनी?"

सगळ्यांच्या गाठीत ही खूण सापडत नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे. त्याच महिन्यात नारायणगावच्या एका बाईंचा ब्लॉक मी लावून दिला. कापला उत्तम, पण खुणेचं एकही जनुक जागं नव्हतं. त्यांच्यासाठी मॅडम दुसरं काही शोधतायत. माझं काम रेघ सरळ लावण्याचं. पुढं काय दिसेल ते माझ्या हातात नव्हतं, कधीच नव्हतं. हे समजायला मला निवृत्त व्हावं लागलं.

धोंडिबाबांना दर तीन आठवड्यांनी यावं लागे. पहिल्या इंजेक्शननंतर ताप चढला, दुसऱ्यानंतर अंगाला खाज सुटली. चांगुणाबाईंनी मला फोन केला, "बाई, मडकं काडलं म्हनून तर न्हाई?" मी म्हटलं, "कुत्री भुंकतायत." पलीकडून एकदम हसू आलं. खाज गेली. बाबा भाकरी एकऐवजी दीड खायला लागले.

जूनमध्ये पहिलं मोठं स्कॅन झालं. मीही गेले होते, शेपूची जुडी घेऊन, कारण रिकाम्या हातानं काळजी करता येत नाही. मॅडमनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. आधीचे ठिपके आणि आताचे. सांगायची गरज नव्हती. एक निम्म्यावर आला होता, दुसरा शोधावा लागत होता.

"बरा झालो का?" धोंडिबाबांनी विचारलं.

"नाही बाबा. पण गाठ मागं हटतेय. आता औषध चालू ठेवायचं, एकही तारीख चुकवायची नाही." मॅडमनी कार्ड ओढलं, जुलैची तारीख लिहायला लागल्या.

धोंडिबाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "त्या दिशी न्हाई जमायचं."

मॅडमचं पेन थांबलं. "का?"

"लावनी हाय."

"बाबा, ही तारीख..."

"भाताचं रोप थांबत न्हाई, मॅडम. तुमी थांबा. तुमचं औषद काय फ्रीजात आस्तं."

मॅडमनी शेजारी बसलेल्या पूर्वाकडे पाहिलं, अभ्यासाच्या नोंदीही तीच ठेवायची. पूर्वानं कागद चाळले. "तीन दिवस पुढं चालतं."

"चार करा," चांगुणाबाई म्हणाल्या.

"तीनच."

"बरं, तीन. मी आन् एकनाथ चिखल आदल्या दिशी करून घेतू," धोंडिबाबा म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही स्वतः लावणीला उभे राहणार?"

"उबं राहून कोन लावतंय?" ते म्हणाले. "वाकायला लागतं."